पडद्यावर २३०, कॉइलवर २७७

तापमान नियंत्रणाच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, पडद्यावर अंश सेल्सिअस झळकतात, पण लिक्विडची वाफ करणाऱ्या तारेपाशी, म्हणजे कॉइलपाशी, तापमान मोजणारं काहीच बसवलेलं नसतं. थर्मोकपल नाही, थर्मिस्टर नाही. यंत्र मोजतं फक्त तारेचा रेझिस्टन्स, आणि त्यावरून अंदाज बांधतं की तार अमुक इतकी तापली असणार. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या एका काकांच्या नव्याकोऱ्या यंत्राचं जे काही झालं, ते सगळं या एका गोष्टीतून निघालं. यंत्रात बिघाड नव्हता. काकांच्या हातातही खोट नव्हती.

माणूस आणि यंत्र

काका मूळचे मिरजेचे, साठीच्या उंबरठ्यावर. नात्याने काका नाहीत. लेस्टरला आलो तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याकडे झालं, तेव्हापासून काका-काकू. कॉलेजपासूनची सिगारेट त्यांनी काही वर्षांपूर्वी डिस्पोजेबल व्हेपच्या आधारावर सोडली. १ जून २०२५ पासून ब्रिटनभर डिस्पोजेबल विकायला बंदी आली, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरता येईल असं काहीतरी घ्यायला गेले. दुकानातल्या पोराने साधा पॉड, म्हणजे काही निवडावं न लागणारा छोटा व्हेप, पुढे केला. पण काकांची उमेदीची वर्षं टूलरूममध्ये गेलेली. बटणं, मेनू आणि दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे दिसले की माणूस विरघळतो. घरी आला तो दोन १८६५० जातीच्या लिथियम सेलवर चालणारा जाडजूड मॉड (सेल, सर्किट आणि पडद्याचा डबा), वर लिक्विडची दोन मिलीलिटरची टाकी आणि ३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या तयार कॉइल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस व्हेपिंगला सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणते, निर्धोक म्हणत नाही. आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने हे सुरू करू नये, असंही त्याच दमात सांगते. माझं मत याहून वेगळं नाही. काकांच्या बाबतीत निवड सिगारेट की व्हेप अशी होती, एवढ्यावर मी हा विषय ठेवतो.

माझा संबंध इन्स्ट्रुमेंटेशनपुरता. कारखान्यांतली तापमानं मोजणं हा माझा रोजचा धंदा. त्यात आरटीडी नावाचं एक साधन पदोपदी भेटतं: प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम. रेझिस्टन्स मोजा, तापमान कळतं. काकांचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. फरक एवढाच की इथे मोजणारी तार आणि तापवणारी तार एकच आहे, आणि ती गोड चिकट द्रवात बुडालेली आहे.

सुरुवातीचं मत

पहिले काही दिवस काका बेहद्द खूश होते, आणि ते का हे मलाही दिसत होतं. वस्तू हातात भरीव लागते. सेलचं झाकण लोहचुंबकाने खटकन बसतं, हलवलं तर आतून खुळखुळाट नाही. पडद्यावर चार गोष्टी दिसतात: वॉट, तापमानाची मर्यादा, कॉइलचा रेझिस्टन्स आणि त्याच्या बाजूला एक बारीक कुलूप. तापमान १०० ते ३१५ अंशांत कुठेही लावता येतं. काकांनी २३० वर ठेवलं होतं.

खरी गंमत झुरका ओढताना दिसते. बटण दाबलं की पडदा ४० वॉट दाखवतो आणि कॉइल झटक्यात तापते. मर्यादा गाठली की वॉट आपसूक खाली येऊ लागतात, तिशीत, मग विशीत, आणि झुरका संपेपर्यंत तिथेच वरखाली होत राहतात. साध्या वॉटच्या यंत्रात लांब झुरक्याचा शेवट गरम आणि तिखट लागतो. इथे पहिला सेकंद आणि चौथा सेकंद चवीला सारखेच. टाकी संपत आली तरी करपट चटका बसत नाही, वाफ नुसती विरळ होत जाते. काकांच्या भाषेत, "गाडी बंद पडायच्या आधी सांगते."

दुसऱ्या आठवड्यात मात्र तक्रारी सुरू झाल्या, आणि त्याही एकमेकींच्या उलट. कधी वाफच येत नाही. ओढलं की पडदा लगेच मर्यादा गाठल्याचं सांगतो आणि तोंडात नुसती कोमट हवा. कधी नेमकं उलटं: घशाला लागणारा, जळक्या कापडाच्या वासाचा झुरका. काकूंनी तर स्वयंपाकघरातून विचारलं, "इस्त्री चालू राहिली का कुठे?" काकांनी कॉइल बदलल्या, लिक्विड बदललं, मर्यादा २१० वर आणली. दोन्ही त्रास येऊन-जाऊन राहिले. दुकानात म्हणाले, कॉइलचा लॉट खराब असेल. मला ते पटेना. लॉट खराब असता तर त्रास कायम राहिला असता, आणि एकाच दिशेचा असता.

हे यंत्र मुळात कशासाठी

व्हेपच्या लिक्विडमध्ये मुख्यतः दोन द्रव: प्रोपिलीन ग्लायकॉल, उत्कलनबिंदू १८८ अंश, आणि ग्लिसरीन, उत्कलनबिंदू २९०. कॉइलला लागून लिक्विड शोषणारा कापूस असतो. तो ओला आहे तोवर कॉइल मिश्रणाच्या उकळण्याच्या तापमानाहून फार वर जात नाही, कारण येणारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड करपत नाही, तेच. गडबड कापूस कोरडा पडल्यावर होते. खर्च करायला द्रव उरत नाही, तार तापत सुटते, कापूस दोनशेच्या पुढे पिवळा आणि मग काळा पडतो, आणि ग्लिसरीन २८० च्या आसपास फुटून ॲक्रोलीन तयार होतं. तेल जास्त तापल्यावर डोळ्यांना झोंबतं, ते यामुळेच.

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पोर्टलंडमधल्या संशोधकांचं एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं होतं. व्हेपच्या वाफेत ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर मोठा वाद झाला. टीकाकारांचं म्हणणं होतं की ५ व्होल्टला ती कॉइल कोरडी पडून जळत असणार, आणि तसला झुरका कुठलाही माणूस दुसऱ्यांदा घेणार नाही. वादाचं काहीही असो, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती: धोका वाढतो तो तार गरजेपेक्षा जास्त तापली की.

त्याच सुमारास, २०१४ मध्ये, ओहायोतल्या इव्हॉल्व्ह कंपनीने डीएनए ४० नावाचं सर्किट बाजारात आणलं. तार तापताना तिचा रेझिस्टन्स किती वाढतो ते बघायचं आणि ठरलेल्या जागी वीज आवरायची. तेव्हा कॉइल शुद्ध निकेलची लागे, कारण नेहमीच्या कँथल (लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) तारेचा रेझिस्टन्स तापली तरी जवळजवळ हलत नाही. निकेलचा अंशामागे सुमारे ०.६ टक्के वाढतो, टायटॅनियमचा ०.३५, आणि ३१६एल स्टीलचा जेमतेम ०.०९. सिग्नलच बघायचा तर निकेल सगळ्यांत चांगलं. पण ते मऊ, आणि साध्या वॉटच्या मोडमध्ये निरुपयोगी. स्टील दोन्हीकडे चालतं, म्हणून शेवटी तेच रुळलं. थोडक्यात, सर्वांत सोयीची तार ही मोजायला सर्वांत अवघड तार आहे.

आकडे मांडल्यावर

काकांना मी एवढंच सांगितलं: टाकी लावाल, भराल, काढाल तेव्हा पडद्यावरचा रेझिस्टन्स कागदावर लिहा, आणि झुरका चांगला, फुसका की करपट तेही पुढे लिहा. टूलरूमचा माणूस, त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून तक्ताच केला.

त्यात एक आकृती लगेच दिसत होती. सकाळी, यंत्र रात्रभर स्वयंपाकघरात वीस अंशांत पडून असल्यावर, कॉइल ०.५०१ ओहम दाखवायची. करपट झुरक्यांच्या ओळींत तोच आकडा ०.५१९ च्या आसपास होता, आणि त्या सगळ्या ओळी टाकी भरल्यानंतरच्या होत्या.

आता हिशेब. यंत्र कॉइल थंड असतानाचा रेझिस्टन्स पाया म्हणून धरतं. २३० अंश म्हणजे वीसच्या वर २१० अंश. स्टीलसाठी अंशामागे ०.०००९२ धरलं तर रेझिस्टन्स पायाच्या १.१९३ पट झाला की यंत्र म्हणणार, पोहोचलो. पाया ०.५०१ असेल तर ते थांबतं ०.५९८ वर. २१० अंशांचा सगळा प्रवास एका ओहमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत, अंशामागे अर्ध्या मिलिओहमपेक्षा कमी.

पाया चुकून ०.५१९ धरला गेला तर? तेवढा रेझिस्टन्स म्हणजे कॉइल त्या वेळी साठ अंशांच्या आसपास होती, आणि यंत्राने तिला थंड समजलं. आता ते थांबणार ०.६१९ वर. त्या रेझिस्टन्सला या कॉइलचं खरं तापमान येतं २७७. पडदा प्रामाणिकपणे २३० दाखवतोय, आणि कापूस ॲक्रोलीनच्या दारात उभा आहे.

पण काका गरम कॉइलचा पाया का धरत होते? इथे प्रकरण रंजक होतं. ब्रिटनच्या २०१६ च्या नियमांनुसार टाकी दोन मिलीलिटरहून मोठी विकता येत नाही. मोठी वाफ देणाऱ्या कॉइलला दोन मिलीलिटर म्हणजे काहीच नाही, टाकी सारखी भरावी लागते. काकांची टाकी खालून भरायची, म्हणजे प्रत्येक वेळी ती मॉडवरून फिरवून काढायची, उलटी करून भरायची, परत लावायची. आणि परत लावली की यंत्र विचारतं: नवी कॉइल की जुनीच?

"मी नवी म्हणतो," काका म्हणाले. "नवं लिक्विड भरलंय ना."

हे ऐकून हसू आलं तरी उत्तर अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न विचारणाऱ्याने तो कशासाठी विचारला हे कुठेच सांगितलेलं नाही. 'नवी' म्हटलं की यंत्र त्या क्षणीचा रेझिस्टन्स नवा पाया म्हणून कुलूपबंद करतं. सलग ओढून टाकी संपवलेली, तिचं बूड हाताला गरम, आणि दोन मिनिटांत भरून परत लावलेली. पाया साठ अंशांवर पडणार नाही तर काय!

जुन्या कॉइल काकांनी बरणीच्या झाकणात राखून ठेवल्या होत्या. एकीचं पत्र्याचं कवच कापून उघडलं. आतला कापूस सगळा जळलेला नव्हता. वरच्या टोकाला, तारेच्या शेवटच्या दोन वेढ्यांखाली, नखाएवढा तपकिरी डाग, मध्यभागी काळा. बाकी कापूस लिक्विडने पिवळसर पण धडधाकट. ही गोष्ट मला हिशेबाइतकीच महत्त्वाची वाटते. यंत्राला दिसतो तो पूर्ण तारेचा एकत्रित रेझिस्टन्स, म्हणजे सरासरी. तारेचं एक टोक कोरडं पडून भडकलं आणि बाकीची तार ओली, गार राहिली तर सरासरी सभ्यच दिसते. पाया अचूक असला तरी ही मर्यादा सुटत नाही.

फुसक्या झुरक्यांचं काय

त्याचं मूळ दुसरीकडे होतं. टाकी आणि मॉड यांच्यामधल्या आट्यांच्या जोडाला सगळे ५१० म्हणतात. मध्ये स्प्रिंगवरची एक पिन, तिच्यातून वीज वर जाते. खालून भरायच्या टाकीतून थोडं लिक्विड नेहमीच ओघळतं, आणि काकांच्या मॉडच्या त्या खळग्यात ते साचून, धूळ खाऊन, मधासारखं घट्ट झालं होतं. पिन दाबली की अर्धवट वर यायची.

जोडाचा रेझिस्टन्स २० मिलिओहम असेल आणि कायम तेवढाच असेल तर फारसं बिघडत नाही. तो पायातही धरला जातो आणि चूक आठेक अंशांची राहते. पण पाया धरताना जोड स्वच्छ होता, आणि ओढताना हातातल्या हालचालीने मध्येच २० मिलिओहम वाढले, तर यंत्राला वाटतं कॉइल ४३ अंशांनी जास्त तापली. ते २३० समजून थांबतं, तेव्हा खरं तापमान १८७. ग्लिसरीन त्या तापमानाला ढिम्म. म्हणून कोमट हवा.

घरच्या मल्टिमीटरने हे तपासायच्या भानगडीत पडू नये, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स यापेक्षा मोठा असतो. कामावर चार तारांनी मोजणारा मिलिओहम मीटर आहे. दोन तारा करंट द्यायला, दोन नुसत्या व्होल्टेज बघायला, त्यामुळे वायरी हिशेबात येतच नाहीत. त्यावर कॉइल एकटी स्थिर होती. टाकी मॉडच्या जोडासारख्याच एका सॉकेटवर बसवून हलवली की आकडा नाचायला लागायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने पिन आणि आटे पुसले, काळं पाणी निघालं, नाच थांबला.

करपट झुरक्याचं कारण आणि फुसक्या झुरक्याचं कारण वेगवेगळं, पण दोन्ही आली टाकी सारखी काढण्या-लावण्यातून. दुकानातल्या पोराने एवढा एकच प्रश्न विचारला असता, वरून भरायची की खालून, तर निम्मा त्रास वाचला असता.

यंत्राविषयी माझं मत

सर्किट चांगलं आहे. पाया बरोबर मिळाला तर मर्यादा पाळतं, झुरक्यामागून झुरका तीच वाफ देतं, आणि कोरड्या कापसाचा बहुतेक त्रास टाळतं. पण पाया धरण्याची जबाबदारी त्याने एका छोट्याशा प्रश्नावर ढकलली आहे, ते मला अजिबात मान्य नाही. यंत्राला स्वतःच्या सर्किटचं तापमान ठाऊक असतं, शेवटचा झुरका कधी झाला तेही ठाऊक असतं. पाच मिनिटांपूर्वी चाळीस वॉट ओढलेल्या माणसाला 'नवी' म्हटल्यावर 'गार होऊ द्या' एवढं तरी बजावता आलं असतं.

मेनूत याहून वाईट सापळा आहे. कॉइलचा धातू आपण सांगायचा असतो. स्टीलची कॉइल लावून चुकून टायटॅनियम निवडलं तर २३० साठी यंत्र रेझिस्टन्स १.७३५ पट व्हायची वाट बघेल. स्टील तिथे पोहोचायला आठशे अंशांच्या वर जावं लागेल. म्हणजे मर्यादा अशी काही उरलीच नाही, आणि पडद्यावर मात्र २३० आणि कुलूप, दोन्ही दिमाखात. उलट निवड केली तर नुसती वाफ मिळत नाही. तो प्रकार चिडचिडीचा असला तरी निरुपद्रवी.

तापमान नियंत्रणाची हौस बाजारातून ओसरली, त्याला हेच कारण असावं. जाळीच्या कॉइल आल्या, कमी वॉटचे पॉड आले. त्यात कापूस भिजलेला राहतो आणि माणसाला काही निवडावं लागत नाही. काकांना मी आधी भेटलो असतो तर मीही त्या पोराच्या पॉडलाच दुजोरा दिला असता.

सध्याची व्यवस्था

काकांनी मॉड परत केला नाही. टाकी मात्र बदलली: वरचं झाकण सरकवून भरायची, म्हणजे मॉडवरून काढायचीच नाही. नवी कॉइल रात्री लावतात, भिजू देतात, आणि पाया सकाळी चहाच्या आधी धरतात. प्रश्न आला की उत्तर 'जुनीच'. मर्यादा २२०. सकाळचा आकडा ०.४९० ते ०.५१० च्या बाहेर गेला तर ओढायच्या आधी जोड पुसतात. कॉइल पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त टिकतात. निकोटिनचं प्रमाण कमी करायचं त्यांच्या मनात आहे, पण त्यात घाई करू नका म्हणून मीच सांगितलं. प्रमाण घटलं की माणूस नकळत जास्त आणि लांब ओढतो, आणि वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी पुन्हा ताणल्या जातात.

दिवाळीला मिरजेला जायचं ठरतंय, तेव्हा हे सगळं लेस्टरलाच राहील. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "एकच तर आहे, बॅगेत कोण बघतंय," असं काका म्हणून बघत होते. काकूंनी त्यांच्या बॅगेत निकोटिनच्या च्युइंगमची पाकिटं आधीच भरून ठेवली आहेत.